पोलीस रस्ता अपघाताची वर्गवारी आणि नोंद कशी करतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अपघाताच्या पोलीस नोंदी वाचणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे ओळखीचे लोक मला जे प्रश्न विचारतात ते साधारण तेच ते असतात: ‘हाड मोडलंय, तरी किरकोळ का लिहिलं?’, ‘दीड महिन्याने माणूस गेला, मग तो मृतांत धरला का?’, ‘आमच्या गाडीला पहिला नंबर दिलाय, म्हणजे चूक आमची का?’ उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत म्हणून हा खटाटोप. नियम देशागणिक बदलतात, म्हणून फरक पडतो तिथे देशाचं नाव घातलं आहे. नाव नसेल तिथे ती रीत थोड्याफार फरकाने बहुतेक ठिकाणी चालते असं समजा.

पोलिसांच्या लेखी ‘रस्ता अपघात’ म्हणजे नेमकं काय?

चार गोष्टी जुळून याव्या लागतात. जागा सार्वजनिक रस्त्याची हवी, निदान एक वाहन चालतं हवं, कुणाला इजा किंवा कशाचं तरी नुकसान झालेलं हवं आणि ते कुणी मुद्दाम केलेलं नसावं. या चौथ्या अटीसाठी मराठी वृत्तपत्रांकडे फार जुना मथळा आहे: ‘अपघात की घातपात?’ तपासात घातपात निघाला, म्हणजे गाडी जाणूनबुजून अंगावर घातली असं ठरलं, की प्रकरण खुनाच्या किंवा खुनाच्या प्रयत्नाच्या रकान्यात जातं आणि अपघातांच्या आकड्यातून बाहेर पडतं. आत्महत्येचंही तेच.

खासगी आवार, कारखान्याचं अंगण, सोसायटीच्या आतली पार्किंगची जागा इथे झालेली धडक बऱ्याच देशांच्या रस्ते अपघातांच्या आकडेवारीत येतच नाही, माणूस दगावला तरीही. त्याचा गुन्हा नोंदवला जाऊ शकतो, भरपाईही मिळू शकते. फक्त ‘रस्त्यावरचे मृत्यू’ या बेरजेत तो माणूस नसतो. अमेरिकेत वर्गवारीची जी प्रमाणित नियमावली वापरतात तिच्यात पूर, वादळ, भूकंप यांनी थेट घडवलेलं नुकसानही वगळलं आहे. उभ्या गाडीवर वादळात झाड कोसळलं तर तो रस्ता अपघात धरत नाहीत. वादळ ओसरल्यावर रस्त्यात आडव्या पडलेल्या झाडावर कुणी जाऊन आदळलं, तर मात्र धरतात.

‘अपघात’ हा शब्दच चुकीचा आहे, असं म्हणतात ते का?

शब्दातून ‘कुणाच्या हातात नव्हतं’ असा सूर निघतो, हा आक्षेप. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २००१ मध्ये ‘ॲक्सिडेंट’ हा शब्द आपल्या पानांवर वापरायचा नाही असं ठरवलं. अमेरिकेच्या सरकारी महामार्ग सुरक्षा संस्थेने त्याआधी, १९९७ मध्ये, त्याच्या जागी ‘क्रॅश’ रुळवण्याची मोहीम काढली होती. मराठीत तसा सुटसुटीत पर्याय नाही. ‘धडक’ म्हणावं तर एकट्याने घसरून पडलेला दुचाकीस्वार त्यात बसत नाही. मी ‘अपघात’च लिहितो.

जखम गंभीर की किरकोळ, हे कोण ठरवतं? पोलीस की डॉक्टर?

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. पुष्कळ ठिकाणी पहिली वर्गवारी पोलीसच करतात, आणि तीही डोळ्यांना दिसेल त्यावरून.

अमेरिकेत पाच अक्षरांची पट्टी आहे: के, ए, बी, सी, ओ. के म्हणजे मृत्यू, ए म्हणजे गंभीर जखमेचा संशय, बी म्हणजे किरकोळ जखमेचा संशय, सी म्हणजे जखम असण्याची शक्यता आणि ओ म्हणजे दिसेल अशी काहीच जखम नाही. त्यातला ‘संशय’ हा शब्द मला प्रामाणिक वाटतो. पोलीस डॉक्टर नाही आणि त्याने लिहिलेलं निदान नव्हे, हे त्या एका शब्दात कबूल केलेलं आहे.

ही कबुली का लागते, ते घटनास्थळी कळतं. डोक्याची कातडी फुटली की रक्त भळाभळा वाहतं, शर्ट भिजतो, आणि पाहणाऱ्याला वाटतं माणूस गेला. दोन टाके पडतात आणि तो रात्री घरी जेवायला असतो. त्याच गाडीतला दुसरा रस्त्याच्या कडेला उभा राहून ‘मला काही नाही झालं’ म्हणत फोन लावत असतो. फक्त डाव्या बरगड्यांवर हात दाबून धरलेला. त्याची प्लीहा फाटलेली असू शकते आणि तासाभरात तो कोसळू शकतो. जागेवरच्या नोंदीत पहिला ‘गंभीर’ आणि दुसरा ‘ओ’ लागण्याचीच शक्यता जास्त. पुढे रुग्णालयातून कळवलं तर आणि त्या कळवण्यावरून कुणी नोंद दुरुस्त केली तरच हे उलटं होतं.

म्हणून काही देशांनी ठरवण्याची कसोटीच बदलली. जर्मनीत प्रश्न एकच: जखमीला लगेच रुग्णालयात दाखल करून निदान २४ तास ठेवलं का? ठेवलं तर गंभीर. ब्रिटनमध्ये दाखल होणं ही एक कसोटी आहेच, शिवाय हाड मोडणं, मेंदूला धक्का, अंतर्गत इजा, खोल जखम असं काही असेल तर दाखल न होताही ‘गंभीर’. तिथल्या नव्या संगणक प्रणालीत तर पोलिसाने ‘गंभीर की किरकोळ’ हे ठरवायचंच नाही. यादीतून जखमेचा प्रकार निवडायचा, वर्ग संगणक लावतो. ही पद्धत आली त्या भागांत गंभीर जखमींचा आकडा एकदम वर गेला. रस्ते तेच, चालक तेच. नुसती मोजायची पद्धत बदलल्याने हे झालं, आणि तिथल्या वाहतूक खात्याला मागच्या वर्षांचे आकडे तुलनेसाठी नव्याने जुळवून द्यावे लागले.

भारतात ‘गंभीर दुखापत’ ही कायद्याची संज्ञा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये तिचे आठ प्रकार आहेत: डोळा किंवा कान कायमचा जाणं, अवयव गमावणं किंवा निकामी होणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं वगैरे. त्यातला सातवा ‘हाड किंवा दात मोडणं अथवा निखळणं’. म्हणजे हँडलवर तोंड आपटून एक दात पडला तरी भारतात ती गंभीर दुखापत. जर्मनीत त्या माणसाला रुग्णालयात राहावं लागलं नाही तर तो किरकोळ जखमी. आठव्या प्रकारात जिवाला धोका निर्माण करणारी दुखापत येते, तसंच दुखण्यामुळे किती दिवस रोजचे व्यवहार करता आले नाहीत हेही येतं. जुन्या दंड संहितेत ती मुदत २० दिवसांची होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ती १५ दिवस आहे. अठरा दिवस अंथरुणाला खिळलेला माणूस या बदलाने एका रकान्यातून उठून दुसऱ्यात गेला.

दोन देशांच्या गंभीर जखमींची तुलना करणाऱ्या बातम्या वाचताना हे लक्षात ठेवावं. युरोपीय संघाने यातून वाट काढायला डॉक्टरी मोजपट्टी घेतली. शरीरावरच्या प्रत्येक जखमेला १ ते ६ असा अंक देतात, आणि सगळ्यात मोठा अंक ३ किंवा त्याहून वर असेल तर गंभीर. पण हा अंक रुग्णालयाच्या कागदांतून येतो, पोलिसांच्या वहीतून नव्हे.

एकाच अपघातात एक मेला, दोघे जखमी, चौथा सुखरूप. मग अपघाताचा वर्ग कोणता?

सगळ्यात वाईट जे घडलं, तो. एक मृत्यू झाला की तो प्राणांतिक अपघात. भारतातल्या आकडेवारीत चार पायऱ्या आहेत: प्राणांतिक, गंभीर दुखापतीचा, किरकोळ दुखापतीचा आणि विनादुखापत.

यातून एक घोळ नेहमी होतो. ‘प्राणांतिक अपघात’ आणि ‘मृत’ हे दोन वेगळे आकडे आहेत. बस दरीत कोसळून वीस जण गेले तर प्राणांतिक अपघात एक, मृत वीस. नोंदीचे तीन थर असतात: अपघाताचा, वाहनाचा आणि व्यक्तीचा. वेळ, जागा, हवामान पहिल्या थरात. वाहनाचा प्रकार आणि ते काय करत होतं (वळत होतं, उभं होतं, ओव्हरटेक करत होतं) दुसऱ्यात. वय, हेल्मेट, पट्टा, जखम तिसऱ्यात. बातमीत ‘इतके टक्के अपघात’ आणि ‘इतके टक्के मृत्यू’ यांची अदलाबदल दिसली तर हे थर मिसळले गेले आहेत असं समजावं.

अपघातानंतर काही दिवसांनी मृत्यू झाला तर?

आंतरराष्ट्रीय प्रघात ३० दिवसांचा आहे. त्या अपघाताच्या जखमांनी ३० दिवसांच्या आत मृत्यू झाला तर तो रस्ते मृत्यू, आणि आधी ‘गंभीर’ लिहिलेली नोंद ‘प्राणांतिक’ करायची. भारत, अमेरिका, ब्रिटन, जर्मनी सगळे हेच मानतात. फ्रान्समध्ये २००५ पर्यंत ही मुदत अवघी सहा दिवसांची होती. जपानचे पोलीस २४ तासांतल्या मृत्यूंचा आकडा आजही ठळकपणे जाहीर करतात, त्याच्या जोडीला ३० दिवसांचाही देतात. पूर्वी देशादेशांची तुलना करताना २४ तासांच्या आकड्याला १.३ ने गुणायची पद्धत होती. म्हणजे पहिल्या दिवशी शंभर मृत्यू मोजले तर महिनाभरात आणखी तीसेक होतात, असा तो अंदाज.

एकतिसाव्या दिवशी गेलेला माणूस आकडेवारीत गंभीर जखमीच राहतो. ऐकायला क्रूर वाटतं, पण कुठेतरी रेघ ओढावीच लागते. आकडेवारीची ही रेघ म्हणजे कायद्याची रेघ नव्हे, हे मात्र घरच्यांना सांगायला हवं. दोन महिन्यांनी मृत्यू झाला आणि तो त्याच जखमांनी झाल्याचं वैद्यकीय कागदांवरून दिसलं, तर गुन्ह्याचं कलम बदलू शकतं आणि भरपाईच्या दाव्यातही मृत्यू म्हणून धरला जाऊ शकतो.

अडचण वेगळीच आहे. जखमीला एका रुग्णालयातून दुसऱ्यात, मग तिसऱ्या शहरात हलवतात, आणि तिथे मृत्यू झाल्याची खबर मूळ पोलीस ठाण्याला वेळेत पोचतेच असं नाही. अशी निसटलेली नोंद वर्षअखेरच्या बेरजेत जखमी म्हणूनच बसते.

चालकाला हृदयविकाराचा झटका येऊन गाडी आदळली. तो मृत्यू कशात धरतात?

शवविच्छेदनावर अवलंबून. नैसर्गिक कारणाने मृत्यू झाला असं निघालं तर तो माणूस रस्ते मृत्यूत मोजत नाहीत. अपघात मात्र अपघातच राहतो. त्या गाडीखाली दुसरं कुणी सापडलं असेल, तर त्याची नोंद नेहमीप्रमाणे होते.

घटनास्थळी पोलीस नक्की काय टिपतात?

आधी जखमी हलवणं आणि वाहतूक वळवणं. त्यानंतर, जागा मोकळी होण्याआधी, मोजमापं. वाहनं शेवटी जिथे थांबली ती जागा, टायरच्या खुणा, काचांचा सडा, सांडलेलं तेल, रस्त्यावर धातू घासून पडलेले ओरखडे, दुभाजकाला बसलेला मार. प्रत्येक गोष्टीचं अंतर न हलणाऱ्या खुणेपासून घ्यायचं: विजेचा खांब, पुलाचा कठडा, किलोमीटरचा दगड. ‘झाडापासून अंदाजे पंधरा पावलं’ असं लिहिलेला नकाशा पुढे कुणाच्याच कामाचा नसतो. चांगला कच्चा नकाशा वाचताना तो अपघात डोळ्यांपुढे परत घडतो. असे नकाशे थोडे, पण असतात.

ब्रेकच्या खुणांचं उदाहरण घ्या. कोरड्या डांबरी रस्त्यावर चाकं जाम होऊन २० मीटर लांब खुणा उमटल्या असतील, तर गणिताने वेग ताशी साधारण ६० किलोमीटर निघतो. त्याच २० मीटरच्या खुणा ओल्या रस्त्यावरच्या असतील तर ४५ च्या आसपास. म्हणजे ‘रस्त्याची स्थिती: कोरडा की ओला’ हा रकाना रिकामा सोडला की वेगाचं उत्तर पंधरा किलोमीटरने इकडे-तिकडे होतं. शिवाय हा आकडा किमान वेगाचा. गाडी थांबण्याआधीच कशावर आदळली असेल तर खरा वेग त्याहून जास्त. चाक जाम होऊ न देणारे ब्रेक आल्यापासून अशा ठसठशीत खुणा कमीच मिळतात. त्याऐवजी बऱ्याच नव्या गाड्यांमधली नोंदपेटी धडकेआधीच्या काही सेकंदांचा वेग आणि ब्रेक दाबला होता की नाही ते सांगते. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत ती सक्तीची आहे.

दिवा चालू होता का, हा रात्रीच्या अपघातातला हमखास वाद. जुन्या तारेच्या बल्बात त्याचं उत्तर बल्बमध्येच सापडायचं. पेटलेल्या दिव्याची तार लाल तापून मऊ झालेली असते, धक्क्याने ती ताणली जाऊन वेडीवाकडी होते. विझलेल्या दिव्याची थंड तार कटकन तुटते, टोकं स्वच्छ राहतात. काच फुटताना दिवा चालू असेल तर तापलेल्या तारेवर हवेने भुकटीसारखा थर चढतो. फुटका बल्ब कचऱ्यात न टाकता पाकिटात घालून मोहोर लावणारा अंमलदार मला पाहताक्षणी आवडतो. एलईडी दिव्यांनी ही सोय संपवली.

अपघाताचा प्रकार कसा ठरतो? समोरासमोर, मागून, पलटी, की आणखी काही?

बऱ्याच पद्धतींमध्ये ‘पहिली हानिकारक घटना’ पाहतात, म्हणजे ज्या क्षणी प्रथम कशाला तरी इजा किंवा नुकसान झालं तो क्षण.

समजा, पहाटे ओल्या रस्त्यावर मोटार चालली आहे. कुत्रं आडवं येतं, चालक स्टिअरिंग फिरवतो, कुत्रं वाचतं. गाडी रस्ता सोडून साइडपट्टीवर उतरते, झाडाला घासते, मग चरात पलटी होते. मागे बसलेल्या बाईंचं गळ्याचं हाड पलटी होताना मोडतं. गावात सगळे म्हणतील ‘कुत्रं आडवं आलं म्हणून अपघात’ आणि मथळा येईल ‘मोटार पलटी’. अमेरिकी पद्धतीच्या नोंदीत मात्र प्रकार लागेल: एकाच वाहनाचा अपघात, स्थिर वस्तूला धडक. कारण पहिलं नुकसान झाडाने केलं. रस्ता सोडणं ही घटना आहे पण तिने कुणाला इजा झाली नाही. पलटी होणं ‘सर्वांत हानिकारक घटना’ म्हणून वेगळ्या रकान्यात जाईल. कुत्रं परिस्थितीच्या रकान्यात, तेही अंमलदाराने विचारलं आणि चालकाने सांगितलं तर.

आता कुत्र्याच्या जागी चुकीच्या बाजूने आलेला दुचाकीस्वार कल्पा, जो न थांबता निघून गेला. धडक झालीच नाही, त्यामुळे पुष्कळ पद्धतींत त्याचं वाहन मोजलंच जात नाही आणि कागदावर मोटार आपली आपणच झाडावर गेलेली दिसते. ब्रिटनच्या पद्धतीत, स्पर्श झाला नसला तरी अपघाताला हातभार लावणारं वाहन नोंदवता येतं. मला हे जास्त पटतं.

अहवालात आमच्या गाडीला ‘वाहन क्रमांक १’ म्हटलंय. म्हणजे चूक आमची?

क्रमांक देण्याचा नियम जागोजागी वेगळा आहे. कुठे दोषी वाटणाऱ्या वाहनाला पहिला देण्याची सवय आहे, कुठे धडक देणाऱ्याला, आणि कुठे अंमलदाराला जी गाडी आधी दिसली तिला. नुसत्या क्रमांकावरून काही ठरवू नका, त्या अहवालाच्या सूचनापत्रात काय म्हटलंय ते पाहा. दोष ठरवणं हे शेवटी न्यायालयाचं काम.

भारतात नोंदीचा प्रवास कसा असतो?

खबर येते: कुणाच्या फोनवरून, किंवा रुग्णालयातून. अपघाती जखमी आला की रुग्णालय पोलिसांना कळवतं. पोलीस ठाण्यात डायरीला नोंद होते, अंमलदार जागेवर जातो, पंचांसमक्ष घटनास्थळाचा पंचनामा होतो. इजा किंवा मृत्यू असेल आणि कुणाचा निष्काळजीपणा दिसत असेल तर गुन्हा दाखल होतो. बेदरकार चालवण्याला न्याय संहितेचं कलम २८१, त्यातून दुखापत झाली तर १२५, मृत्यू झाला तर १०६. कुणालाच इजा नसेल आणि दोघांचं तिथेच मिटलं असेल तर बरेचदा प्रकरण डायरीतल्या नोंदीपुढे जात नाही.

गुन्ह्याच्या कागदांच्या जोडीने दुसरी एक वाट चालू असते आणि ती लोकांना फारशी माहीत नसते. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार तपासी अधिकाऱ्याने ४८ तासांत प्रथम अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम अहवाल आणि ९० दिवसांत तपशीलवार अपघात अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. वाहनाची, चालकाची, विम्याची, जखमांची माहिती ठरावीक नमुन्यांत. जखमीच्या किंवा मृताच्या घरच्यांनी हे अहवाल मागून घ्यावेत, कारण भरपाईचं प्रकरण त्यांच्याच आधाराने उभं राहतं. याखेरीज मोबाइल ॲपवर जागेवरूनच माहिती आणि छायाचित्रं भरण्याची ‘ई-डार’ प्रणाली आहे. तिच्यात पोलिसांबरोबर परिवहन, रस्ते आणि आरोग्य विभागही आपापली माहिती भरतात. अक्षांश-रेखांश ॲपच उचलतं, त्यामुळे ‘अमुक फाट्याच्या पुढे’ अशा पत्त्यांचा त्रास कमी झाला.

अपघाताचं कारण पोलीस कसं ठरवतात? सगळीकडे ‘अतिवेग’च का दिसतो?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात भारतातले सुमारे ७२ टक्के अपघात अतिवेगाच्या खात्यावर आहेत. वेग घातक आहे यात शंका नाही. पण मराठीतली अपघाताची फिर्याद कधी वाचली आहे का? ‘आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने, अविचाराने व वाहतुकीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून चालवून…’ हे वाक्य फिर्यादीत जवळजवळ छापल्यासारखं येतं. गुन्ह्याच्या कलमाला निष्काळजीपणा दाखवावा लागतो, म्हणून कारण चालकाच्या वागण्यात शोधलं जातं, आणि वागण्याच्या रकान्यांत ‘वेग’ हे सगळ्यात सोपं उत्तर. वेग प्रत्यक्ष मोजलेला असतो अशा नोंदी फार कमी. वळणावर फलक नव्हता, दुभाजकाचं टोक अंधारात होतं, रस्ता उंचीच्या फरकाने अर्धवट सोडला होता, हे कुणावर कलम लावायला उपयोगी नाही, मग ते लिहिणार कोण?

ब्रिटनमध्ये एका अपघाताला सहापर्यंत कारणं नोंदवायची सोय होती आणि प्रत्येकापुढे ‘बहुधा’ की ‘शक्यता’ असं लिहायचं. एकाऐवजी अनेक कारणं लिहू दिली की रस्ता आणि हवामानही दिसायला लागतात.

साधं पत्र्याला पोचा आला, तरी पोलिसांना कळवायला हवं का?

बहुतेक देशांत इजा किंवा मृत्यू असेल तर कळवणं सक्तीचं. फक्त नुकसान असेल तर सूट असते किंवा नुकसानीच्या रकमेची मर्यादा असते, जी अमेरिकेत राज्याराज्यात वेगळी आहे. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ चालकावर तीन गोष्टी टाकतं: जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणं, पोलिसांना माहिती देणं (उशिरात उशिरा २४ तासांत) आणि विमा कंपनीला कळवणं. आणि आज ‘काही नाही झालं’ म्हणणाऱ्या समोरच्याची मान उद्या सकाळी अखडली, तर तुमच्याकडे निदान वेळ-जागेची नोंद असलेली बरी.

पोलिसांचे आकडे आणि इतर आकडे जुळत का नाहीत?

कारण पोलिसांच्या वहीत तेच येतं जे त्यांना कळतं. एकट्याने घसरलेले दुचाकीस्वार, सायकलस्वार, किरकोळ लागलेले पादचारी थेट दवाखान्यात जातात, आणि जगभर हेच सर्वांत जास्त निसटतात. मृत्यूंमध्येही फरक पडतो. २०२१ साठी भारताचा सरकारी आकडा १,५३,९७२ मृत्यूंचा होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या अहवालात त्याच वर्षासाठी सुमारे २ लाख १६ हजारांचा अंदाज दिला. साऱ्या जगाचा तिचा अंदाज ११ लाख ९० हजार.

वेळेचा रकानाही बघण्यासारखा असतो. मोठ्या संख्येने नोंदी चाळल्या की जगातले बहुतेक अपघात बरोबर पूर्ण वाजता, नाही तर साडेला झालेले दिसतात. सात वाजून तेरा मिनिटांनी कुणाचाच अपघात होत नाही!

या नोंदींचा पुढे उपयोग काय?

विमा आणि न्यायालय तर आहेच. पण मला महत्त्वाची वाटते ती अपघातप्रवण जागा ठरवण्याची पद्धत. भारतात राष्ट्रीय महामार्गाच्या साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले, अथवा एकूण १० मृत्यू झाले, तर तो ‘ब्लॅक स्पॉट’. आता दात पडलेला तो माणूस पुन्हा आठवा. त्याची दुखापत ‘किरकोळ’ लिहिली गेली तर त्या वळणाची मोजणी चारवरच अडते. अपघाताची जागा सहाशे मीटर अलीकडची लिहिली गेली तरी तेच.

अहवालात चूक असेल तर दुरुस्त होते का?

चूक कुठल्या जातीची आहे त्यावर. गाडीचा नंबर, नावाचं स्पेलिंग, तारीख अशा गोष्टी कागद दाखवले की पूरक नोंदीने सुधारतात. मूळ नोंद खोडून नवी लिहिण्याची रीत कुठेच नसते, आणि नसावी. अंमलदाराचं मत, म्हणजे कोण चुकला, वेग किती वाटला, हे तुमच्या सांगण्याने बदलत नाही. तुमचा जबाब जोडून घ्या असा लेखी अर्ज देता येतो, तो द्यावा आणि पोच घ्यावी. साक्षीदार, छायाचित्रं, डॅशकॅमचं चित्रण मिळेल तितक्या लवकर द्या, कारण दुकानांच्या बाहेरचे कॅमेरे जुन्या चित्रणावर नवं चढवतात.

जखमेचा वर्ग बदलायला डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. एक्स-रेत फ्रॅक्चर नंतर दिसलं असेल तर तो अहवाल तपासी अंमलदाराकडे स्वतः नेऊन द्या. रुग्णालय पाठवेल या भरवशावर राहू नका.